पोर्टलनं शेवटच्या टेबलापर्यंत सोबत करावी: खान्देशातून एक खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
मा. महासंचालक, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी),
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसाला क्रमांकानं ओळखायची सुरुवात सरकारनं आमच्या खान्देशातून केली. त्याच्या पाच वर्षं आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, भारताचं राष्ट्रीय पोर्टल, म्हणजे इंडिया डॉट गव्ह डॉट इन, सुरू झालं होतं. केंद्र, राज्यं आणि जिल्हे यांची माहिती एका ठिकाणी सापडावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो आजही योग्यच आहे. आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सेवा केंद्रं आणि वाचनालयं चालवणारी, लोकांचे अर्ज भरून देणारी माणसं आहोत. या पोर्टलबद्दल आम्हाला आस्था आहे, म्हणून हे पत्र.

पोर्टलवर योजनेचं नाव सापडतं, दोन परिच्छेद सापडतात आणि खात्याच्या संकेतस्थळाची लिंक सापडते. तिथून पुढं काम कुठं अडतं, का अडतं आणि कुणाकडं गेल्यावर सुटतं, हे बहुतेक पानांवर नसतं. कारण ही वाट केंद्राच्या एका खात्यातून निघते, राज्याच्या दुसऱ्या खात्यातून जाते, बँकेत शिरते आणि तलाठ्याच्या दप्तरात संपते. प्रत्येक खातं आपल्या हद्दीपुरतं लिहितं. सगळ्या हद्दी ओलांडून लिहिण्याचा अधिकार आणि जागा राष्ट्रीय पोर्टलकडं आहे. ती वाट शेवटच्या टेबलापर्यंत, मराठीत, तपासल्याच्या तारखेसह लिहा, एवढीच आमची मागणी आहे. यात नेमकं काय काय यायला हवं, ते पुढं सविस्तर मांडतो.

पीएम-किसान घ्या. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, एवढं सगळ्यांना पाठ आहे. हप्ता थांबतो तेव्हा कारण बहुधा चारांपैकी एक असतं: ई-केवायसी राहिली आहे, जमिनीची नोंद जोडलेली नाही, खातं थेट लाभासाठी आधारशी जोडलेलं नाही किंवा आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही. लाभार्थी स्थितीच्या पानावर यातलं कुठलं कारण आहे ते दिसतं, पण दुरुस्ती चार वेगवेगळ्या दारांत होते. ई-केवायसी ओटीपीनं घरी होते, बोटाच्या ठशानं सेवा केंद्रात होते किंवा ॲपवर चेहरा दाखवून होते. जमिनीची नोंद तालुक्याच्या ठिकाणी, महसूल आणि कृषी खात्यांकडं. खात्याची जोडणी बँकेच्या शाखेत. नाव आधार केंद्रावर. ही चार वाक्यं पानावर असली तर माणसाचे दोन-तीन दिवसांचे हेलपाटे वाचतात. मोलगीहून अक्कलकुव्याला किंवा शिरसाळ्याहून बोदवडला जाणाऱ्याचं तेवढं भाडं आणि तेवढी मजुरी वाचते.

त्याच योजनेतली आणखी एक अट लोकांना अर्ज नाकारल्यावरच कळते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असायला हवी. त्यानंतर खरेदीनं किंवा वाटणीनं आलेली जमीन चालत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसानं आलेली चालते. आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. हे पानाच्या डोक्यावर, अर्जाच्या बटणाच्याही वर असायला हवं. आज ते वाचायचं तर मार्गदर्शक सूचनांच्या इंग्रजी किंवा हिंदी पीडीएफमध्ये शिरावं लागतं.

आधार आणि बँक यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथंच होतो. शाखेत सांगितलं जातं, “तुमचं आधार लिंक आहे.” तरी पैसे येत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि थेट लाभाची रक्कम यावी म्हणून बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदवहीत खातं चढवणं वेगळं. पहिल्या प्रकारात एकाच आधारला पाच खाती जोडलेली असू शकतात. दुसऱ्या प्रकारात एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि ज्या बँकेला शेवटची संमती दिली तिथंच पैसे जातात. नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणारा माणूस तिकडं मजुरीसाठी नवं खातं उघडतो, संमतीच्या चौकटीत बरोबरची खूण पडते, आणि पुढचा हप्ता त्या खात्यात जाऊन बसतो. घरी आल्यावर तो जुनं पासबुक भरून आणतो, तर ते कोरं. पैसे हरवलेले नसतात. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती पाहिली की कुठल्या बँकेत जातात ते लगेच कळतं. पण त्यासाठी ओटीपी लागतो, ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो, आणि तो बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो. या साखळीतली एक कडीही पानावरून गाळून चालत नाही. पैसे थेट खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक योजनेच्या पानावर हाच परिच्छेद जसाच्या तसा यावा, कारण पीएम-किसान, शिष्यवृत्ती, मातृवंदना, सगळीकडं अडचण हीच आहे.

नावाचंही असंच. आमच्याकडं नावापुढं ‘बाई’ किंवा ‘भाऊ’ लागतं आणि ते कधी कागदावर येतं, कधी येत नाही. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. वळवी, वसावे, पाडवी, पावरा ही आडनावं नंदुरबारमध्ये गावोगाव आहेत. इंग्रजीत लिहिताना कुणी ‘व’साठी व्ही घेतं, कुणी डब्ल्यू, आणि ‘ळ’ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. यंत्राला ही दोन वेगळी माणसं वाटतात. अर्जाच्या पानावर एकच सूचना मोठ्या अक्षरांत हवी: अर्जातलं इंग्रजी नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर आणि मोकळी जागा धरून, लिहावं, आधारवरच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करावं आणि मगच अर्ज भरावा. हा क्रम उलटा झाला तर दोनदा दुरुस्ती करावी लागते.

आता भाषेकडं येतो. हे पोर्टल इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत उभं राहिलं. हिंदीची लिपी आमचीच असल्यानं दिल्लीत असा समज होत असावा की मराठी माणसाचं हिंदीवर भागतं. सरकारी मजकुरात ते भागत नाही, उलट धोका वाढतो, कारण तेच शब्द इथं वेगळ्या अर्थानं वापरले जातात. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. आमच्याकडं आपत्ती म्हणजे पूर, गारपीट. पीक विम्याच्या पानावर ‘आपत्ति दर्ज करें’ असं वाचून माणूस हरकतीच्या रकान्यात नुकसानीची माहिती भरू शकतो. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडं शिक्षण, इकडं दंड. ‘राजीनामा’ म्हणजे तिकडं आपसातला समझोता, इकडं नोकरी सोडणं. खसरा, खतौनी, लेखपाल, प्रखंड, अनुमंडल हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या कानावरून गेलेले नाहीत. त्याला गट क्रमांक, आठ-अ, तलाठी, तालुका आणि उपविभाग कळतो.

यंत्राच्या भाषांतरानं हे सुटेल असं धरून चालू नये. जमिनीच्या नोंदीतला ‘म्युटेशन’ हा शब्द यंत्र ‘उत्परिवर्तन’ असा करू शकतं. तो जीवशास्त्राच्या पुस्तकातला अर्थ आहे, इथं शब्द आहे फेरफार. ‘सीडिंग’चं बीजारोपण होऊ शकतं. यंत्रानं पहिला कच्चा मसुदा द्यायला आमची हरकत नाही, मात्र पान प्रसिद्ध होण्याआधी इथल्या कारभाराचे शब्द माहीत असलेल्या माणसानं ते वाचलंच पाहिजे. शब्द ठरवण्यासाठी नव्यानं समिती नेमायचीही गरज नाही. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि पदनाम कोश तयार आहेत. तीनशे-चारशे शब्दांची एक यादी त्यातून काढून भाषांतराच्या यंत्राला बांधून दिली तर निम्म्याहून जास्त चुका उगमालाच थांबतील, असा आमचा अंदाज आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ मधलं कलम ४ हेच सांगतं: माहिती स्वतःहून द्यावी आणि ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी.

परिणामकारक पद्धत म्हणताना आम्हाला आवाजाचाही विचार करावासा वाटतो. सातपुड्यात पावरी आणि भिली, तापीच्या दक्षिणेला अहिराणी, रावेर-यावलकडं लेवा गणबोली. या बोलींत लिहिलेलं वाचायची सवय फार थोड्यांना आहे, पण ऐकलेलं सगळ्यांना समजतं. दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण सेकंदाला साधारण ३२ किलोबिट (केबीपीएस) या दर्जानं ठेवलं तर फाइल ५०० केबीच्या आत बसते. धडगावच्या डोंगरात एक काडी रेंज असली तरी ती उतरते आणि व्हॉट्सॲपवरून पुढं जाते.

तुलनेसाठी: हे संपूर्ण पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सामायिक असलेल्या अक्षरसंकेतात, एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट धरूनही, पन्नास केबीच्या आत मावतं. हाच मजकूर छापून, सही-शिक्का मारून, रंगीत स्कॅन करून पीडीएफ केली तर ती सहज काही एमबींची होते. शिवाय त्या स्कॅनमध्ये शोध चालत नाही, त्यातली ओळ उचलून कुणाला पाठवता येत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथं नुसतं चित्र दिसतं. सही-शिक्क्याची प्रत पुरावा म्हणून अवश्य ठेवा, पण तिच्या शेजारी मजकूर म्हणून तोच आदेश द्या. जुन्या फाँटात टाइप केलेले आदेश तर आणखी वाईट: ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथं ते नुसत्या चिन्हांचा गोंधळ होतात.

मराठीतल्या शोधाची एक अडचण तुमच्या तंत्रज्ञांना मुद्दाम सांगायला हवी. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. ‘ॲप’ आणि ‘ॲग्रीस्टॅक’मधल्या ॲ चंही तेच; तो तर तीन-तीन प्रकारे टाइप होतो. शोधायच्या आधी दोन्ही बाजू एका रूपात आणल्या नाहीत तर सरकारी पानांवर वारंवार येणारा शब्दच सापडत नाही. त्याचबरोबर मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशीच नोंदवा. ती ‘हिंदी’ राहिली तर वाचून दाखवणारं यंत्र हिंदी उच्चारांनी वाचतं, आणि आपले च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार त्यात बिघडतात.

केळीचं उदाहरण दिल्याशिवाय खान्देशातलं पत्र पूर्ण होत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलचा केळी उत्पादक विम्याची माहिती शोधू लागला की प्रधानमंत्री पीक विमा योजनेचं पान समोर येतं. त्यात पीक कापणी प्रयोग, उंबरठा उत्पादन वगैरे दिलेलं असतं. त्याच्या केळीला ते लागू नाही. केळी आंबिया बहारातल्या हवामान आधारित फळपीक विमा योजनेत येते, अर्ज मात्र त्याच संकेतस्थळावर होतो. त्या योजनेत थंडी किंवा उन्हाची भरपाई शेत पाहून ठरत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं ठरलेल्या दिवसांत ठरलेलं तापमान नोंदवलं तरच ती मिळते. वादळानं बाग आडवी झाली किंवा गारा पडल्या तर मात्र ७२ तासांत कळवावं लागतं. म्हणजे एकाच बागेला दोन नियम: एकात शेतकऱ्यानं काहीच कळवायचं नसतं, दुसऱ्यात तीन दिवस उलटले की दावा संपतो. हा फरक न कळल्यानं थंडीसाठी लोक अर्ज करत बसतात आणि वादळानंतर पंचनाम्याची वाट पाहत मुदत घालवतात. तापमानाचे आकडे आणि तारखा राज्याच्या शासन निर्णयात असतात, म्हणून राष्ट्रीय पोर्टलच्या पानावरून त्या चालू निर्णयापर्यंत थेट जाता आलं पाहिजे, राज्याच्या मुखपृष्ठापर्यंत नव्हे.

कपाशीचं दुखणं वेगळं आहे, तिथं वेळ चुकते. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता आणि भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. नोंदणीला सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा लागतो. तो चढतो ई-पीक पाहणीनं, म्हणजे राज्याच्या ॲपवरून, पावसाळ्यातल्या ठरावीक मुदतीत. शेतकऱ्याच्या स्तरावरची मुदत संपली की पीक पाहणी सहायकाकडून नोंद होऊ शकते, पण तिलाही अंतिम तारीख असते. ती चुकली की दिवाळीनंतर कापूस घरात असूनही केंद्रावर विकता येत नाही. ओलाव्याचा नियमही आधी कळायला हवा: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ च्या मध्ये टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. पहिल्या वेचणीचा दवातला कापूस तसाच गाडीत भरून नेला तर तो परत आणावा लागतो. हे सगळं नोव्हेंबरमध्ये सांगून उपयोग नाही. पोर्टलवरच्या पानाला पिकाच्या दिनदर्शिकेचं भान हवं. पेरणी झाली की वर पीक पाहणी दिसावी, वेचणी सुरू झाली की ओलावा दिसावा.

तारखांचा प्रश्न यालाच लागून आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन खरिपाला २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्के हिस्सा शेतकऱ्याकडं आला. जुनं पान तसंच राहिलं की माणूस रुपया घेऊन रांगेत उभा राहतो. सरकारी संकेतस्थळांसाठी एनआयसीनंच २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली. मजकूर वेळोवेळी तपासायचं धोरण, कालबाह्य मजकूर बाजूला ठेवायचं धोरण, जबाबदार वेब माहिती व्यवस्थापकाचं नाव आणि संपर्क, हे सगळं त्यात आहे. तत्त्वं उत्तम आहेत. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी तळाशी असलेली तारीख साऱ्या संकेतस्थळाची असते. समोरच्या पानावरचा मजकूर कुणी शेवटचा कधी वाचून खरा ठरवला ते तिच्यातून कळत नाही. तारीख पानागणिक द्या. सहा महिन्यांत तपासणी झाली नाही तर पानावर आपोआप पिवळी पट्टी यावी: “हा मजकूर अमुक तारखेनंतर तपासलेला नाही.” आणि एखाद्या खात्यानं संकेतस्थळ नवं केलं की जुने पत्ते मरतात, सेवा केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला पत्ताही त्यासोबत मरतो. जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर वळवून द्यायला सर्व्हरवर एक ओळ पुरते.

तक्रार आणि माहिती अधिकार यांची पानं छोटी आहेत, दुरुस्तीही छोटीच. केंद्राच्या ऑनलाइन माहिती अधिकारावर १० रुपये भरून राज्याच्या कार्यालयाला अर्ज केला तर तो परत येतो आणि शुल्क मिळत नाही. महाराष्ट्राचं पोर्टल वेगळं आहे. सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, आता २१ दिवसांची मुदत आहे, पण न्यायालयातलं प्रकरण किंवा माहिती अधिकाराचं अपील तिथं चालत नाही. अर्ज सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारा: “तुमचं काम तलाठी, तहसील, जिल्हा परिषद यांच्याकडं आहे की रेल्वे, टपाल, बँक, भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडं?” उत्तरानुसार दार दाखवा.

खोट्या संकेतस्थळांबद्दलही पोर्टलनं स्पष्ट बोलावं. ‘गव्ह’ हा शब्द पत्त्यात कुठंतरी असणं पुरेसं नाही. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा अगदी शेवटचा भाग ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असायला हवा, पत्ता उजवीकडून वाचायचा. मात्र एनपीसीआयसारख्या काही खऱ्या संस्थांचा पत्ता ‘डॉट ओआरजी डॉट इन’ असा संपतो. म्हणून अशा संस्थांची तपासलेली यादी पोर्टलवर हवी, एवढं काम दुसरं कुणी करू शकत नाही.

खान्देशात जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ असे २५ तालुके आहेत. इथं केळी-कपाशीचा बागायती शेतकरी आहे, वनपट्टा असलेला आदिवासी शेतकरी आहे, गुजरातेत आणि मध्य प्रदेशात ये-जा करणारा मजूर आहे. पहिली दहा पानं या २५ तालुक्यांसाठी करून पाहा: पीएम-किसान, आधार-बँक जोडणी, पीक विमा, फळपीक विमा, कापूस खरेदी, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वनहक्क, रेशनकार्ड आणि तक्रार. मराठी मसुदा आम्ही विनामोबदला तपासून देऊ, अहिराणी आणि पावरीत वाचणारे आवाजही गोळा करू. प्रत्येक पानाखाली “इथं अडलं” असं एक बटण द्या. त्यातून येणाऱ्या नोंदी महिन्याला त्या त्या खात्याकडं जाव्यात आणि खात्यानं काय बदललं ते त्याच पानावर दिसावं.

कापसाच्या पानापासून सुरुवात करावी असं आम्हाला वाटतं. बागायती लागवड मे अखेरीस सुरू होते आणि पीक पाहणी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. ते पान जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हाती आलं तर त्याच हंगामात ते गावोगावच्या भिंतींवर लावून होईल.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सेवा केंद्र चालक आणि वाचनालय कार्यकर्ते